शिवेवरचा गाडा

"गुरुजी, तुम्ही नुसतं बसून चार गोष्टी सांगायच्या," असं म्हणून मला बोलावलं होतं. गेलो तर पहिल्याच सकाळी हातात खळीची बादली आली. 2023 च्या मे महिन्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुरात नाटकं बसवतो. त्यानं आणि त्याच्या दोन चित्रकार मित्रांनी मिळून पोरांसाठी तीन दिवसांचं शिबिर काढलं होतं. विषय साथीचे रोग. पोरं चौदा ते एकोणीस वर्षांची, निम्मी शहरातली आणि निम्मी आमच्यासारख्या खेड्यांतली. दोन दिवस मुखवटे, घरं, गाडा असलं सामान करायचं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक गाव व्हायचं. लिहिलेलं नाटक नाही. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची. पाटील निघाला तर पाटील, सुईण निघाली तर सुईण. चिठ्ठी बदलून मिळणार नाही.

जागा मंगळवार पेठेतल्या एका जुन्या हॉलची. शाडूची पोती कुंभार गल्लीतून आलेली, रद्दी पोरांनीच गोळा केलेली. मी खळ शिजवली, लगदा कुटला आणि मधल्या वेळात गोष्टी सांगितल्या. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केल्यानं खळ चांगली जमते.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "प्लेग म्हटल्यावर काय आठवतं?" एक पोरगा ताडकन म्हणाला, "रँड!" बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांचंही खरं. आम्हीच तसं शिकवलं. रँडसाहेब, चापेकर बंधू, गणेशखिंड, 22 जून 1897, पाच मार्क. पण त्या प्लेगात माणसं कशी जगली, कुठं पळाली, कुणी कुणाला घरात घेतलं आणि कुणी दार लावलं, हे मीही वर्गात कधी सांगितलं नव्हतं. मलाच ते म्हातारपणी कळायला लागलं.

मग मुंबईपासून सुरुवात केली. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगी तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं सांगितलं. धान्याच्या वखारी, गोदीचा शेजार, उंदरांचं राज्य. लोक मुंबई सोडून गावाकडं पळत सुटले. 4 फेब्रुवारी 1897 ला सरकारनं साथरोगाचा कायदा केला. मूळ कायदा चार कलमांचा, वाचायला पाच मिनिटं लागत नाहीत. त्या चार कलमांत सरकारला हवं ते करता येत होतं. माणूस अडवा, तपासा, वेगळा ठेवा. मार्च 2020 मध्ये आपल्याकडं लागू झाला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा, हे ऐकून पोरं गप्प झाली.

पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून झडती घेत, सामान बाहेर काढून जाळत, बायाबापड्यांना सगळ्यांदेखत तपासत. म्हणून लोक रोगी लपवायला लागले. माळ्यावर, कणगीमागं, जिथं जमेल तिथं. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही अशी भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्याच पुण्यात त्याच दिवसांत सावित्रीबाई फुल्यांनी आणि डॉ. यशवंतानं प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणलं. पोर वाचलं, बाईंना लागण झाली. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रँडची प्लेग कमिटी पुण्यात कामाला लागली ती त्यानंतर दोन-तीन दिवसांत. हे सांगून झाल्यावर एक पोरगी म्हणाली, "मग पुस्तकात रँड आधी का येतो, सर?" मी बादलीत काठी फिरवत राहिलो.

चित्रकार मंडळींनी पुठ्ठ्याची घरं करायला दिली होती. मी सांगितलं की मुंबईत जी घरं राहण्याजोगी नाहीत असं ठरे, त्यांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जात. घरांची कौलं उतरवून आत ऊन सोडलं जाई. पोरांनी लगेच निम्म्या घरांवर लाल रंगात ती अक्षरं काढली. रंग वाळायच्या आत एकानं आपला डावा हात पुढं केला. "सर, आमच्या चुलत्याच्या हातावर असाच शिक्का मारलेला. विमानतळावर." खरंच की. 2020 च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले होते. आधी घराला खूण केली, मग माणसाला. त्या पोरानं मग आपल्या मुखवट्याच्या कपाळावरच शिक्का रंगवला. चित्रकार खूश झाला. मला ते बघवत नव्हतं, पण पुसायलाही सांगितलं नाही.

कोल्हापूर म्हणजे तेव्हा संस्थान. शाहू महाराज 1894 ला गादीवर आलेले, वयाची पंचविशीसुद्धा झालेली नव्हती. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे 1891 लाच आली होती, आणि गाडीतून माल येतो तसा रोगही येतो. त्यात दुष्काळ. 1896-97 चा एक आणि 1899-1900 चा दुसरा. एका बाजूला महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, दुसऱ्या बाजूला प्लेगासाठी गावं रिकामी करून माणसं माळावर झोपड्यांत नेली. गाव सोडायला लावणं ही सोपी गोष्ट नव्हे. घर उघडं टाकायचं, धान्य कणगीत, जनावरं कुठं बांधायची, देव कुणी पुजायचे?

आमच्या घरात ही हकीकत आज्जीकडून आली. तिनं ती तिच्या सासूकडून ऐकलेली. "उंदीर पडला की गाव सोडायचं," एवढं एक वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणायची. आढ्यावरनं उंदीर धपकन खाली पडला, गरगर फिरला आणि मेला की दुसऱ्या दिवशी चूल माळावर. रोग पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं आणि ते शास्त्रज्ञांच्या गळी उतरायलाही पुढं बरीच वर्षं गेली. आमच्या पणजीला पिसवांचं काही ठाऊक नव्हतं, पण उंदीर मेला की तिथं राहायचं नाही हे ठाऊक होतं. मोकळ्या माळावर उंदीर नाहीत, म्हणून माणसं वाचली. आज्जी पुढं हळूच आणखी एक सांगायची. "माळावरबी खोपटं एका रांगंत न्हवती गा. ज्याची त्याची आळी निराळी. आनि वाऱ्याच्या खालच्या अंगाला कोन, ते तू वळीख." ओळखायला अवघड नव्हतं. गाव सुटलं तरी गावकूस माळावर बरोबर गेलं होतं.

पोरांना सगळ्यांत आवडली ती लस. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगाची लस केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. कैद्यांवर का, हा प्रश्न एकाच पोरीनं विचारला. पुढं 1902 मध्ये पंजाबात मलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं दगावली. एका बाटलीत दोष शिरला होता. हाफकिनवर ठपका आला आणि तो धुऊन निघायला काही वर्षं गेली. आज परळच्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. मी शर्टाची बाही वर करून माझ्या दंडावरचे देवीचे वण दाखवले. पोरांनी असले वण पाहिलेलेच नव्हते. भारतातला देवीचा शेवटचा रोगी 1975 चा, त्यांच्या आईबापांतल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीचा. "दुखलं का हो सर?" दुखलं असणारच. मला आठवतं ते एवढंच की देवी डॉक्टर आला म्हटल्यावर आम्ही उसात लपलो होतो आणि आज्जीनं मला कान धरून बाहेर काढलं होतं.

आज्जीनं स्वतः पाहिलेली साथ मानमोडीची. 1918 चा इन्फ्लुएंझा. ती तेव्हा दहाएक वर्षांची. पावसानं ओढ दिलेली, पोटात अन्न नाही आणि दसऱ्याच्या सुमाराला घरटी माणसं पडायला लागली. भारतात त्या साथीत एक कोटीहून जास्त माणसं गेली. 1911 पेक्षा 1921 च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या कमी भरली, तसं त्यानंतर कधी झालं नाही. आज्जीला आकडे ठाऊक नव्हते. ती म्हणायची, "खांदा द्यायला चार मानसं मिळंनात. मग दोघंच न्यायचे, कांबळ्यात घालून." शिबिरात हे सांगताना मी आवाज हलका केला, कारण समोरच्यांतल्या काहींनी 2021 चा उन्हाळा घरात सोसला होता. कोल्हापुरात दुसरी लाट लवकर ओसरलीच नाही. बाकीचा महाराष्ट्र मोकळा व्हायला लागला तरी आपल्याकडं जूनमध्ये, जुलैमध्येही रोगी निघतच होते, आणि त्यातच पंचगंगेला पूर आला.

दुसऱ्या दिवशी गाडा केला. मरीआई कोण हे सांगताना शहरातल्या पोरांना टेंबलाईची आषाढातली जत्रा आठवली, एकानं तोंडानं पी ढबाक वाजवूनही दाखवलं. मरीआई म्हणजे पटकीची, महामारीची देवी. गावात पटकी आली की लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यावर देवी बसवायची, हिरव्या बांगड्या, लिंबं, खण, नैवेद्य ठेवायचा आणि वाजत गाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. रोग गाड्यावर बसून गेला. गेला कुठं? पुढच्या गावच्या हद्दीत. तिथल्या लोकांनी तो दिसला की ढकलत आपल्या पलीकडच्या शिवेवर न्यायचा.

असा एक गाडा मी पाहिला आहे. पाच-सहा वर्षांचा असेन. आमच्या ओढ्याच्या अलीकडं सकाळी तो उभा होता. चाकं इतकी सुबक की आम्हा पोरांना खेळायला हवाच होता. मी हात लावणार तोच आज्जीनं पाठीत धपाटा घातला. दुपारी गावातली कर्ती माणसं ओट्यावर बसून बोलली, आणि संध्याकाळी गावकुसाबाहेरच्या दोघांना बोलावून गाडा पलीकडच्या हद्दीत नेऊन ठेवायला सांगितलं. ते मुकाट्यानं घेऊन गेले. ज्यांना गावात घर नव्हतं, त्यांनी गाव वाचवायचं. हे मला तेव्हा कळलं नाही. मी चाकांकडंच बघत होतो.

तिसऱ्या दिवशी हॉलच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. ही शीव. अलीकडं एक गाव, पलीकडं दुसरं. पहिला डाव 1899 चा. पाटील झालेला पोरगा आवाजाचा पक्का होता, त्यानं दवंडी दिली आणि सगळ्यांना माळावर जायला सांगितलं. सावकार जागचा हलेना. "कागदपत्रं कोण राखणार?" एका पोरीनं आपलं आजारी पोर, म्हणजे शाडूचं बाहुलं, टोपलीखाली लपवलं आणि वर बसून राहिली. झडतीला आलेल्यांना तिनं इतक्या थंडपणे "कोन न्हाई" सांगितलं की तेच परत गेले. मागनं तिला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं मी सांगतो, पन सांगवंना." आमच्याकडच्या पोरी मी जातो, मी सांगतो असंच बोलतात. पाहुण्या चित्रकाराला त्याचंच नवल.

मग गाडा निघाला. हलगी नव्हती, पत्र्याचा डबा होता. पोतराजाची चिठ्ठी एका लुकड्या पोराला आली होती. रेघेपाशी आल्यावर तो थांबला. "मी का वडू? पाटलाची पटकी हाय, पाटलानं वडावा." चिठ्ठीत असं काही लिहिलेलं नव्हतं. पाटील गोंधळला. मागच्यांनी रेटा दिला, गाडा रेघ ओलांडून पलीकडं गेला. पलीकडच्यांनी तो परत ढकलला. पुन्हा इकडून, पुन्हा तिकडून. सुरुवातीला हशा होता, मग दोघा-तिघांनी एकमेकांच्या गळपट्ट्याला हात घातला. चाक मोडलं. "तुमची पिडा आमच्यात का?" असं पलीकडची एक पोरगी खरोखरच्या रागानं ओरडली तेव्हा माझ्या विद्यार्थ्यानं शिट्टी वाजवून डाव थांबवला आणि सगळ्यांना सरबत दिलं.

शेवटचा डाव 2020 चा. मे महिना, एक गाव, ग्राम दक्षता समिती आणि मुंबईहून येणारं कुटुंब. ज्या पोराला मुंबईकराची चिठ्ठी आली, त्यानं ती वाचून गुपचूप परत दिली आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. चिठ्ठी बदलायची नाही असा नियम होता, पण त्याला कुणी काही म्हटलं नाही. "गुरुजी, तुम्हीच व्हा," माझा विद्यार्थी म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यानं सांगितलं नसतं.

2020 च्या मे महिन्यात मी आमच्या गावच्या समितीत होतो. निवृत्त मास्तर, अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडं. मार्चमध्येच गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणि धोंडे टाकले होते. मेमध्ये मुंबईची माणसं यायला लागली. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा एक पाय मुंबईत. माझा चुलतभाऊ वाशीच्या मार्केटात माथाडी. तो, बायको आणि लेक, पास काढून गाडी करून रात्री दीडला वेशीवर आले. मी वही उघडून विचारलं, "कुठनं आलासा? कुणाला इचारून आलासा?" त्याला असं अहोजाहो मी जन्मात कधी केलं नव्हतं. समिती म्हणून बोलत होतो ना! चौदा दिवस शाळेत. शाळेसमोरच त्याचं घर. चुलती सोप्यात बसून शाळेच्या खिडकीकडं बघत असायची. भाकरी भिंतीवर ठेवून मागं सरायची.

नियमानं मी बरोबर होतो. त्या चौदा दिवसांत गावात एकही रोगी निघाला नाही. पण त्याच आठवड्यात एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा मुंबईहूनच आला, आणि त्याला आम्ही मळ्यातल्या घरात राहू दिलं. वहीत ‘गृह विलगीकरण’ असं लिहिलं. मीच लिहिलं. चुलतभावानं ते खिडकीतून पाहिलं असणार, कारण मळ्याची वाट शाळेवरूनच जाते. तो चौदा दिवसांनी घरी गेला, आठवडाभर राहिला आणि परत मुंबईला. त्यानंतर माझ्याशी त्याचं बोलणं ‘हां’ आणि ‘न्हाई’ एवढंच.

तर आता चुन्याच्या रेघेवर मी पिशवी घेऊन उभा राहिलो. समितीची अध्यक्ष झाली होती ती बाहुलं लपवणारी पोरगी. तिनं कमरेवर हात ठेवला. "कुठनं आलासा?"

"वाशीसनं."

"कुणाला इचारून आलासा?"

बाकीची पोरं हसली. मला पुढं काय बोलायचं ते सुचेना. पोरगी थोडा वेळ थांबली, मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "हे बगा, मळ्यात घर असल तर तिकडं ऱ्हावा. नसल तर शाळा." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं आपल्या गावात पाहिलं असेल.

माझ्या तोंडून निघून गेलं, "घर हितनं दिसतंय गं." हे वाक्य माझं नव्हतं. त्या रात्री चुलतभाऊ म्हणाला होता.

ती काही बोलली नाही. रेघेकडं बघत राहिली. तेवढ्यात मागच्या कुणीतरी "चौदा दिस! चौदा दिस!" असा पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला आणि डाव पुढं गेला. मला कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या शाळेत बसवलं. तिथं अर्धा तास बसलो. पोरांनी मला चहा आणून रेघेवर ठेवला आणि मागं सरली.

शिबिर संपल्यावर मोडक्या चाकाचा गाडा कुणी न्यायचा हा प्रश्न पडला. चित्रकार म्हणाला त्याच्याकडं जागा नाही. एका पोराच्या आईनं घरात आणायला स्पष्ट नकार दिला. शेवटी तो हॉलच्या जिन्याखाली ठेवला.

गावी आलो त्या आठवड्यात चुलतभाऊ सुटीला आला होता. मी त्याच्या सोप्यात जाऊन बसलो. शिबिराचं सांगितलं, गाड्याचं सांगितलं, रेघेवर काय झालं ते सांगितलं, आणि मळ्याचंही. तो तंबाखू मळत ऐकत होता.

"त्या खोलीतला पंखा चालत न्हवता," तो म्हणाला. "पोरगी रात्रभर वहीनं वारं घ्यायची."

मग आत वळून चुलतीला म्हणाला, "आई, च्या टाक. दोन कप."